पाच उत्पादनं, एक तारीख: जीएसटी दरबदलाच्या वेळी रिक्वायरमेंट आणि रिग्रेशनची फेरमांडणी

हे प्रकरण पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीचं आहे. कंपनी आणि तिथली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. कायदा, दर आणि तारखा मात्र जशाच्या तशा आहेत, कारण सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते. या कामात मी बाहेरून आलेला चाचणी सल्लागार होतो.

पार्श्वभूमी

कंपनी दुकानदारांसाठी बिलिंगची सॉफ्टवेअर बनवते. एकूण पाच उत्पादनं: औषधांच्या घाऊक विक्रेत्यांसाठी एक, मेडिकल दुकानांसाठी एक, रेडिमेड कपड्यांच्या दुकानांसाठी एक, हार्डवेअर आणि बांधकाम साहित्यासाठी एक आणि लॉज-हॉटेलसाठी एक. विक्री डीलरमार्फत होते. ग्राहक बहुतेक तालुक्याच्या गावांतले. हॉटेलचं उत्पादन सर्वांत जुनं, व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेलं. ते अजून चालतं, म्हणून कोणी त्याला हात लावत नाही.

१ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला, तेव्हा घाईत एक कर-मॉड्यूल लिहून पाचही उत्पादनांत कॉपी केलं गेलं. तेव्हा ते बरोबरच होतं. पुढे मात्र प्रत्येक टीमने आपापल्या ग्राहकांच्या मागणीप्रमाणे आपली कॉपी बदलली. आठ वर्षांनी त्या पाच कॉप्यांमध्ये फंक्शनांची नावं तेवढी सारखी उरली होती.

रिक्वायरमेंट, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायचं याच्या नोंदी, जिरा या कामं नोंदवायच्या साधनात होत्या, पण प्रत्येक उत्पादनाचा प्रोजेक्ट वेगळा. टेस्ट केस एक्सेलमध्ये होत्या आणि तिथेही प्रत्येक उत्पादनाची फाइल वेगळी. सगळ्या मिळून दोन हजारांच्या पुढे, आणि नावं स्क्रीनवरून दिलेली: ‘सेल्स बिल टीसी-४५’, ‘पर्चेस एन्ट्री टीसी-१२’. टीसी-४५ नेमकं काय सिद्ध करते, हे ती लिहिणाऱ्यालाच ठाऊक. तो बहुधा नोकरी सोडून गेलेला.

अडचण

पहिली घंटा मे २०२५ मध्ये वाजली होती. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रातला तक्ता १२, म्हणजे एचएसएननिहाय (वस्तूंच्या वर्गवारी-क्रमांकानुसार) गोषवारा, त्या महिन्यापासून नोंदणीकृत आणि अनोंदणीकृत ग्राहकांसाठी वेगवेगळा द्यायचा होता. एकच नियम, पण तो पाच प्रोजेक्टांत, पाच जणांनी, पाच तऱ्हांनी लिहिला. ग्राहकाचा जीएसटी क्रमांक बिल झाल्यावर नोंदवला तर ते बिल कुठल्या भागात जाणार, याचं उत्तर दोन उत्पादनांत एक होतं आणि उरलेल्या तिघांत दुसरं. ग्राहकांच्या सीएंनी फोन केले, पॅच (तातडीच्या दुरुस्त्या) गेले, प्रकरण मिटलं. मूळ दुखणं तसंच राहिलं.

मग ३ सप्टेंबर २०२५ ला, बुधवारी रात्री, जीएसटी परिषदेच्या ५६व्या बैठकीचे निर्णय जाहीर झाले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांशी संपणार, मुख्य दर ५ आणि १८ राहणार, काही वस्तूंवर ४० टक्के लागणार, आणि अंमल २२ सप्टेंबरपासून. गणेशोत्सव चालू होता, अनंत चतुर्दशी त्याच शनिवारी. अर्धी टीम सुट्टीवर होती. २२ ला घटस्थापना असल्याने ग्राहकांच्या दृष्टीने तारीख आणखी नाजूक होती. पितृपक्षात थांबलेली आणि दर उतरणार म्हणून पुढे ढकललेली, अशी दोन्हींची खरेदी त्याच सकाळी दुकानात येणार होती.

गुरुवारी सकाळी मालकांनी विचारलं, “कुठल्या उत्पादनात काय काय बदलावं लागेल?” पाचही टीमचं उत्तर एकच आलं: “सर, फक्त मास्टरमधले, म्हणजे वस्तूंच्या मूळ यादीतले, दर बदलायचे. १२ चे ५ करायचे, २८ चे १८.” एकाने तर सगळे दर एका झटक्यात बदलणारी अपडेट क्वेरी लिहूनही ठेवली होती.

ती क्वेरी चालली असती तर काय झालं असतं? हवा भरलेली शीतपेयं २८ वरून १८ वर येणार नव्हती, ती थेट ४० वर जाणार होती. अडीच हजारांवरचे कपडे १२ वरून १८ वर चढणार होते. मातीच्या विटांची योजना तशीच राहणार होती: इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) न घेता ६ टक्के, घेऊन १२ टक्के. म्हणजे ‘१२ टक्के गेले’ असं सगळीकडे बोललं जात असताना हार्डवेअरच्या उत्पादनात तो दर जिवंत ठेवणं भाग होतं. आणि वाळू-चुन्याच्या विटा तेवढ्या ५ वर आल्या.

याहून मोठा प्रश्न चाचणीचा होता. कर-मॉड्यूलसाठी थोड्या स्वयंचलित चाचण्या होत्या. त्यांत अपेक्षित उत्तर म्हणून १२ टक्क्यांनी काढलेली रक्कम पक्की लिहिलेली. दर बदलले की त्या सगळ्या लाल, म्हणजे नापास, होणार, आणि तसं होणं योग्यच ठरणार. अशा लाल चाचण्यांच्या ढिगात खरोखरची एखादी चूक असली तर ती कोणाला दिसणार?

टेस्ट लीड मॅडमनी बैठकीत जे विचारलं ते मला नेमकं वाटलं: “हा नियम कुठल्या उत्पादनांत आहे आणि तो बरोबर चालतो हे कोणती टेस्ट सिद्ध करते, एवढं कोणी सांगेल का?” कोणीच सांगू शकलं नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय नेहमीचा: प्रत्येक टीमने आपलं आपण बघायचं. जमेची बाजू अशी की कोणाची वाट पाहावी लागत नाही, आणि हॉटेलवाल्यांना हॉटेल इतरांपेक्षा जास्त कळतं. पण मे महिन्यात हेच केलं होतं.

दुसरा पर्याय तांत्रिक प्रमुखांचा: पाच कॉप्या मोडून एकच कर-इंजिन करायचं आणि सगळ्यांनी ते वापरायचं. खरा इलाज हाच, याबद्दल दुमत नव्हतं. पण तीन आठवड्यांहून कमी वेळात, दराच्या तारखेला, आठ वर्षांत पांगलेला कोड एकत्र आणायचा म्हणजे दोन बदल एकाच दिवशी करायचे. काही बिघडलं तर दर चुकला की इंजिन, हे शोधण्यातच दिवाळी आली असती.

तिसरा पर्याय टेस्ट-व्यवस्थापनाचं एखादं साधन विकत घेण्याचा. टेस्टरेलचा डेमो आधीच झाला होता. साधन चांगलं आहे, पण एक्सेलमधला गोंधळ जसाच्या तसा त्यात ओतला तर तिथेही गोंधळच राहणार. या पर्यायावर आम्ही फार वेळ घालवला नाही.

चौथा पर्याय बैठकीतच आकाराला आला. कोड वेगळे आहेत तर वेगळेच राहू देत, पण नियम एकाच जागी, एका रजिस्टरमध्ये लिहायचे. प्रत्येक नियमासमोर पाचही उत्पादनांचे रकाने ठेवायचे आणि प्रत्येक रकान्यात ‘लागू’, ‘लागू नाही, कारण’ किंवा ‘लागू, पण फरकाने’ यांपैकी एक भरायचंच. रिकामा रकाना चालणार नाही. आणि नियम सिद्ध करणारी चाचणीची आकडेवारी सगळ्यांसाठी एकच असेल. पाच वेगळ्या कोडनी एकाच तक्त्याला उत्तर द्यायचं.

तांत्रिक प्रमुखांचा आक्षेप रास्त होता: “यात कोडमधली पुनरावृत्ती तशीच राहते.” राहतेच. मॅडमचं म्हणणं असं की आज पुनरावृत्ती त्रास देत नाही, पाच कॉप्या कुठे वेगळ्या आहेत हे ठाऊक नसणं त्रास देतं. शेवटी चौथ्या पर्यायावर ठरलं. एक अट घातली गेली की इंजिन एकत्र करण्याचं काम जानेवारीनंतर हाती घ्यायचं, तोवर कोणी त्याचा विषय काढायचा नाही.

काय केलं

पहिला निर्णय वेळेचा. दरांच्या याद्या ३ तारखेच्या प्रसिद्धिपत्रकासोबत आल्या होत्या, पण कायद्याने बंधनकारक अधिसूचना यायची होती. तोवर थांबायचं का? ठरलं असं की दर ही माहिती आहे, ती शेवटी भरता येईल. नियमाचा आकार आत्ताच ठरवता येतो. अमुक दर किंमतीवर अवलंबून आहे का, तारखेवर आहे का, तीन तारखांवर आहे का, हे अधिसूचनेआधीही कळत होतं. अधिसूचना १७ सप्टेंबरला आली, सात अनुसूच्यांसह. तेव्हा हातात गुरुवार ते रविवार एवढेच दिवस उरले होते. आकार आधी ठरलेला नसता तर ते पुरलेच नसते.

नियमांची यादी करायला प्रत्येक टीममधला एक डेव्हलपर आणि एक टेस्टर बसवले, सोबत कंपनीचे सल्लागार सीए. जिरातल्या जुन्या रिक्वायरमेंट वाचून सुरुवात केली तेव्हा काम पुढे सरकेना. मग उलट बाजूने गेलो: प्रत्येकाने आपल्या कोडमधली कराशी संबंधित प्रत्येक ‘इफ’, म्हणजे अटीची ओळ, मोठ्याने वाचायची आणि ती का आहे ते सांगायचं. सांगता आलं तर नियम झाला. नाही आलं तर तांबडी खूण.

सगळ्यात मोलाची तांबडी खूण कपड्यांच्या उत्पादनात सापडली. रेडिमेड कपड्यांवरचा दर नगाच्या किंमतीवर ठरतो. आधी हजार रुपयांपर्यंत ५ टक्के आणि वर १२ होते, आता अडीच हजारांपर्यंत ५ आणि वर १८. ही किंमत कर वगळून मोजायची. पण दुकानातल्या चिठ्ठीवर करासकट किंमत असते. २,८०० रुपयांच्या कुर्त्याचं उदाहरण घ्या. ५ टक्के धरून कर बाजूला काढला तर मूळ किंमत साधारण २,६६७ येते, म्हणजे अडीच हजारांच्या वर, म्हणजे दर १८ हवा. १८ धरून काढली तर २,३७३ येते, म्हणजे अडीच हजारांच्या आत, म्हणजे दर ५ हवा. कुठलाही दर धरा, तो स्वतःलाच खोटा ठरवतो.

जुन्या दरांतही हा पेच होता. करासकट १,०५० ते १,१२० या सत्तर रुपयांच्या पट्ट्यात तो येई. कोणा डेव्हलपरने कधीतरी त्यासाठी एक ‘इफ’ टाकून मोठा दर लावण्याची सोय केली होती. कुठेही लिहिलेलं नाही, कुठल्याही टेस्टमध्ये नाही. नवीन दरांनी तो पट्टा २,६२५ ते २,९५० असा सव्वातीनशे रुपयांचा झाला. २,६९९, २,७९९, २,८९९ या कपडाबाजारातल्या लाडक्या किंमती नेमक्या त्यातच पडतात. जुन्या ‘इफ’मध्ये १,०५० आणि १,१२० हे आकडे थेट लिहिलेले असल्याने मास्टर बदलून काहीच झालं नसतं, आणि १,०९९ चा शर्ट विनाकारण त्यात अडकला असता.

हा त्या आठवड्यातला सगळ्यात अवघड निर्णय. सीए म्हणाले, अशा वेळी सॉफ्टवेअरने आपणहून दर ठरवू नये. म्हणून नियम असा लिहिला: करासकट किंमत या पट्ट्यात आली तर प्रोग्राम बिल अडवत नाही, पण इशारा देतो, दुकानदाराने आधीच ठरवून ठेवलेला दर वापरतो, आणि त्याने तो ठरवला नसेल तर निवड करायला लावतो. पट्ट्याच्या कडा दर आणि मर्यादेवरून मोजायच्या, कोडमध्ये लिहायच्या नाहीत. डीलरना हे आवडलं नाही. त्यांना “सॉफ्टवेअरने बघावं” असं हवं होतं.

दुसरा मोठा विषय तारखांचा. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १४ सांगतं की दर बदलताना पुरवठा, बिल आणि पैसे मिळणं या तीन घटनांकडे बघायचं. त्यातल्या सहा शक्यता वाचल्या की एक सोपं सूत्र निघतं: तिघांपैकी दोन घटना ज्या बाजूच्या, त्या बाजूचा दर. तीन घटना, प्रत्येक बदलाआधी किंवा नंतर, म्हणजे एकूण आठ ओळी. दोन ओळी उघड आणि सहा कलमातल्या. चाचणीचा तक्ता कायद्यानेच आयता दिला होता.

पण हा नियम पाचही उत्पादनांना लागू नाही. वस्तूंच्या बाबतीत अ‍ॅडव्हान्सवर कर भरावा लागत नाही, नोव्हेंबर २०१७ च्या अधिसूचनेने तो काढून टाकला आहे. त्यामुळे अ‍ॅडव्हान्सची तारीख खऱ्या अर्थाने हॉटेललाच छळते. रजिस्टरमध्ये बाकी चौघांसमोर ‘लागू नाही’ आणि त्याचं कारण आलं. हार्डवेअरच्या टीमने तोवर अ‍ॅडव्हान्स पावतीवर दर बदलण्याचं काम सुरू केलं होतं. त्यांचे तीन दिवस या एका रकान्याने वाचवले.

हॉटेलात साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीचा दर १२ वरून ५ वर आला, इनपुट क्रेडिट न घेण्याच्या अटीसह. टीमने ठरवलं होतं की चेकआउटच्या तारखेचा दर लावायचा. पाहुणा २० तारखेच्या रात्रीपासून २४ च्या सकाळपर्यंत राहिला आणि सगळे पैसे निघताना दिले तर हे बरोबर येतं, कारण बिल आणि पैसे दोन्ही नंतरचे. पण त्याने १५ तारखेलाच पूर्ण पैसे भरले असतील तर? सीएंनी प्रत्येक रात्र स्वतंत्र सेवा धरायला सांगितलं. मग २० आणि २१ च्या रात्री १२ टक्क्यांत जातात, २२ आणि २३ च्या ५ मध्ये. एकाच बिलात एकाच खोलीचे दोन दर. जुन्या प्रोग्राममध्ये खोलीमागे एकच दर ठेवायची जागा होती, म्हणून बिलाच्या ओळी रात्रीनुसार फोडाव्या लागल्या.

आता रिग्रेशन, म्हणजे बदलानंतर आधीचं सगळं नीट चालतं का याची फेरचाचणी. दोन हजारांवर टेस्ट केस चार दिवसांत चालवणं अशक्य होतं. कुठल्या निवडायच्या? ‘कराशी संबंधित’ असं म्हटलं की प्रत्येकजण वेगळ्या निवडतो. मॅडमनी साधी कसोटी लावली: ज्या टेस्टच्या अपेक्षित उत्तरात कराची रक्कम किंवा दर आहे तेवढ्याच घ्यायच्या आणि त्यांनाच नियमाचा क्रमांक द्यायचा. बाकीच्यांना हात लावायचा नाही. निवड दुपारभरात झाली. छपाई, लॉगिन, बॅकअप वगैरे वगळल्याची नोंद करून त्यावर मालकांची सही घेतली.

जुन्या चाचण्यांचं काय करायचं, यावर वाद झाला. डेव्हलपरना अपेक्षित रकमा बदलून चाचण्या हिरव्या करायच्या होत्या. तसं केलं नाही. प्रत्येक जुन्या चाचणीला २१ सप्टेंबर ही तारीख दिली आणि अपेक्षित रक्कम तशीच ठेवली. मग तिची प्रत काढून २२ सप्टेंबर ही तारीख आणि नवीन रक्कम दिली. जुन्या हिरव्याच राहायला हव्या होत्या, कारण २२ नंतरही जुन्या बिलाचा माल परत येणार आणि क्रेडिट नोट (परतीची रक्कम आणि कर वजा करणारी नोंद) मूळ दरानेच निघणार. यासाठी चाचणीत संगणकाची आजची तारीख कुठेही वापरायची नाही असं ठरलं. पाचपैकी तीन कॉप्यांत दर शोधताना आजचीच तारीख वापरली जात होती, बिलाची नाही. २२ च्या आधी हा दोष कधीच दिसला नसता.

सामाईक तक्त्याची प्रत्येक ओळ अशी होती: तीन तारखा, एचएसएन, किंमत, करासकट की वगळून, सूट, अपेक्षित दर, करपात्र रक्कम, केंद्राचा आणि राज्याचा कर, आणि शेवटी आधार, म्हणजे अधिसूचना किंवा कलम. आधाराचा रकाना रिकामा असलेली ओळ घ्यायची नाही. चार उत्पादनांना हा तक्ता वाचून बिल-इंजिनमध्ये ढकलणारा छोटा प्रोग्राम लिहिला. हॉटेलच्या जुन्या प्रोग्रामला स्क्रीनशिवाय चालवण्याची सोयच नव्हती. तिथे कलम १४ च्या आठ ओळी आणि साडेसात हजारांच्या दोन्ही बाजूंच्या काही ओळी एका टेस्टरने हाताने भरल्या.

तक्ता पहिल्यांदा चालवला तेव्हा एक पैशाच्या फरकाने बऱ्याच ओळी लाल झाल्या. कारण मनोरंजक निघालं. ३३.३३ रुपयांच्या तीन वस्तू घ्या. घाऊक औषधांचं उत्पादन प्रत्येक ओळीचा कर पैशात पूर्ण करतं: अडीच टक्क्यांनी (५ टक्क्यांतला केंद्राचा अर्धा वाटा, राज्याचाही तेवढाच) ०.८३, तिन्हींचे २.४९. मेडिकल दुकानाचं उत्पादन बेरजेवर काढतं: ९९.९९ चे २.५०. जुन्या ६ टक्क्यांवर (१२ चा अर्धा वाटा) या उदाहरणात दोन्ही पद्धतींनी बरोबर ६.०० येत होते, आणि आठ वर्षांत पद्धतींतला हा फरक कोणाच्या लक्षात आला नव्हता. दोन्ही सारखे करायचे का? नाही केले. घाऊकमध्ये ई-इनव्हॉइससाठी ओळनिहाय कर लागतो, दुकानात बिलाची बेरीज महत्त्वाची. ‘लागू, पण फरकाने’ असं लिहून दोन अपेक्षित रकमा ठेवल्या. माझ्या मते त्या आठवड्यातल्या चांगल्या निर्णयांपैकी हा एक होता, कारण तारीख तोंडावर असताना पद्धत बदलणं म्हणजे नवीन संकट ओढवून घेणं.

औषधांच्या छापील किंमतीचा प्रश्नही सुटला. आधीच्या पट्टीवर ११२ रुपये छापलेले, नवीन दराने १०५ घ्यायचे. राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने सांगितलं होतं की सुधारित किंमत-याद्या देऊन दुकानात योग्य किंमत लागत असेल तर बाजारातल्या मालावर नवीन लेबल लावण्याची सक्ती नाही. मेडिकलच्या उत्पादनात किंमत बॅचला कुलूपबंद असल्याने ‘छापील’ आणि ‘सुधारित’ असे दोन रकाने करावे लागले.

निकाल

रविवारी रात्रीपर्यंत पाचही बिल्ड, म्हणजे उत्पादनांच्या नव्या आवृत्त्या, गेले. सोमवारी सपोर्टला फोन भरपूर आले, पण बहुतेक ‘अपडेट कसं घ्यायचं’ असे. दर चुकल्याची तक्रार कपडे, हार्डवेअर आणि हॉटेलमधून आली नाही. विटांचा १२ टक्के दर यादीत राहिला होता. कपड्यांच्या पट्ट्यावरचा इशारा दुकानदारांना खटकला. तिघा-चौघांनी चिठ्ठ्याच बदलून २,५९९ किंवा २,९९९ केल्या, तिथे पेच उरत नाही.

दोन गोष्टी आमच्या नजरेतून निसटल्या.

पहिली मंगळवारी. मेडिकल अँड जनरल स्टोअर्समध्ये शीतपेयं विकली जातात. ४० टक्के कर बिलाच्या बेरजेत बरोबर आला, पण बिलाच्या तळाशी छापल्या जाणाऱ्या कर-गोषवाऱ्यात ०, ५, १२, १८, २८ असे ठरलेले पाचच रकाने होते. ४० चा कर तिथे छापलाच जात नव्हता. छपाईच्या टेस्ट वगळल्या होत्या आणि कसोटीत ‘रक्कम’ म्हणताना छापलेली रक्कम कोणाच्या डोक्यात नव्हती. सही असल्यामुळे कोणावर ठपका आला नाही, पॅच त्याच रात्री गेला.

दुसरी ऑक्टोबरच्या मध्यात, आणि ती जास्त गंभीर. घाऊक औषध विक्रेत्याकडे दुकानं मुदत संपलेला माल परत करतात. रजिस्टरमध्ये ‘विक्री परत, मूळ दराने’ असा नियम होता आणि त्याच्या चाचण्या हिरव्या होत्या. पण त्या चाचण्यांत प्रत्येक परतीला मूळ बिल क्रमांक होता. मुदत संपलेल्या पट्ट्यांच्या खोक्यात मूळ बिल कुठलं हे बहुधा माहीत नसतं. अशा वेळी प्रोग्राम दर मास्टरमधून उचलत होता, म्हणजे १२ ऐवजी ५. त्यात २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे मुदत संपलेला माल दोन तऱ्हांनी परत करता येतो. दुकानदाराने तो नवीन पुरवठा म्हणून पाठवला तर आजचा दर बरोबर, क्रेडिट नोटच्या वाटेने गेला तर जुना. दोन वेगळे नियम, रजिस्टरमध्ये एकच ओळ. एका विक्रेत्याच्या सीएने जुळणी करताना हे पकडलं. २०२४-२५ मधल्या विक्रीच्या क्रेडिट नोटा दाखवायची मुदत ३० नोव्हेंबर असल्याने दुरुस्तीला दीड महिना मिळाला, हे नशीब. आता परत करताना कुठली वाट ते निवडावं लागतं, आणि क्रेडिट नोट असेल तर बॅचच्या खरेदी-तारखेवरून दर सुचवला जातो.

वेगळं काय करता आलं असतं

यादी करताना बसवलेले सगळे कंपनीतले होते. डेव्हलपरने कोड वाचला, सीएंनी कायदा. पण दुकानात खोकं उघडून पट्ट्या मोजणारा माणूस त्या खोलीत नव्हता. डीलरांच्या सपोर्टवाल्यांपैकी एकाला बसवलं असतं तर ‘मूळ बिल कुठून आणणार?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला असता. पुढच्या फेरीपासून प्रत्येक नियमावर सपोर्टची एक सही लागते.

छपाई पूर्ण वगळण्याऐवजी प्रत्येक बिल-नमुन्यावर प्रत्येक दराची एक वस्तू, एवढी एक टेस्ट ठेवायला हवी होती. तासाभराचं काम.

एक मुद्दा अजून वादात आहे. रजिस्टर कोणाच्या मालकीचं? सध्या ते टेस्ट लीड सांभाळतात. तांत्रिक प्रमुखांना वाटतं की ते उत्पादन-व्यवस्थापकांकडे जावं, कारण रिक्वायरमेंट त्यांची. माझं मत मॅडमच्या बाजूचं आहे. पाच व्यवस्थापकांकडे ते गेलं की सहा महिन्यांत पुन्हा पाच फाइली होतील. नियम ज्याचा चाचणीशी रोज संबंध येतो त्याच्याकडेच ताजा राहतो.

आणि एकत्र कर-इंजिनाचं काम सुरू झालं आहे. सुरुवात घाऊक आणि मेडिकल या दोघांपासून केली, कारण सामाईक तक्त्यात त्यांच्यात ‘फरकाने’च्या ओळी सर्वांत कमी आहेत. हॉटेल शेवटी.